कंट्रोलरच्या पदरचे शब्द

बसस्थानकावर छत्तीस वर्षं ज्या आवाजाने माणसांना हाकारून गाडीत बसवलं, तो आवाज आता आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या खोलीत, एक नंबरच्या बेडवर पडून असायचा. माणसाला सगळे कंट्रोलर म्हणत. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण काही लोकांना हुद्दा चिकटतो तो सरणापर्यंत. त्यांचं खरं नाव फक्त केसपेपरवर होतं आणि तेही तिथे चुकीचं लिहिलेलं होतं.

आवाज मात्र काय होता म्हणून सांगू! "फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी पाच मिनिटांत सुटेल" एवढंच वाक्य, पण ते असं म्हणायचे की ज्याला कुठे जायचं नाही त्यालाही पिशवी उचलावीशी वाटावी. गाडी चुकलेल्या बाईला ते माइकवरून धीर द्यायचे, हरवलेल्या पोराच्या आईला जागच्या जागी उभं राहायला सांगायचे. शेजारणी त्यांच्या बायकोला म्हणायच्या, "नशीबवान हो तुम्ही, घरी रोज ऐकायला मिळत असेल हा आवाज." बायको हसायची. ती काय सांगणार? घरात पाऊल टाकलं की या गृहस्थाच्या तोंडाला कुलूप. दिवसाकाठी चार शब्द: वाढ, बास, झालं, बरं. नवऱ्याचा आवाज नीट ऐकायचा असेल तर तिला बहिणीकडे जायचं निमित्त काढून बसस्थानकावर जावं लागायचं. तिथल्या बाकावर ती कधी कधी एक गाडी मुद्दाम सोडायची. हे कंट्रोलरना माहीत नव्हतं. त्यांना तिच्याविषयी बरंच काही माहीत नव्हतं.

मारझोड नाही, दारू नाही, बाहेरची भानगड नाही. मूलबाळ झालं नाही, त्याचाही कधी शब्दाने दोष दिला नाही, कारण शब्दच दिला नाही. चारचौघांत तक्रार तरी काय करायची? "माझा नवरा बोलत नाही" म्हटलं की बायका म्हणणार, आमचा बोलतो तो ऐकायला ये एकदा.

ते निवृत्त झाले आणि चोवीस तास घरात बसू लागले. वर्षभर बायकोने ते सोसलं. मग एका सकाळी बॅग भरून ती दारात आली आणि म्हणाली, "मी ताईकडे जाते."

"बरं," कंट्रोलर म्हणाले.

ती दारात उभीच राहिली. बराच वेळ. कंट्रोलरना वाटलं, काहीतरी विसरली असेल. म्हणून त्यांनी विचारलं, "किल्ली घेतलीस ना?"

त्यावर ती गेली, ती गेलीच. या गोष्टीला चार वर्षं झाली होती. तिने फोन केला नाही, यांनीही केला नाही. आधी वाटलं, येईल आठवड्याने. मग वाटलं, आता फोन करून बोलायचं काय? पुढे पुढे तर फोन न करणं हीच सवय झाली, आणि सवय मोडायला यांच्याइतका आळशी माणूस नव्हता. दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडांनी हात टेकले, तेव्हाही ते एकटेच इस्पितळात जाऊन दाखल झाले. शेजाऱ्यांनी विचारलं, "वहिनींना कळवलंत का?" तर म्हणाले, "कळवतो." अजून कळवत होते.

डायलिसिसच्या खोलीत चार बेड. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अकरा ते तीन, तीच चार माणसं. आधी वजनकाट्यावर उभं राहायचं, दोन दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते सिस्टर लिहून घ्यायची आणि कुणी जास्त पाणी प्यायलं असेल तर त्याची सगळ्यांदेखत हजेरी घ्यायची. मग हातात दोन सुया. एका नळीतून रक्त मशीनमध्ये जायचं, दुसरीतून परत यायचं. चार तास तो हात हलवायचा नाही. पहिल्या तासात गप्पा व्हायच्या, दुसऱ्यात सगळे पेंगायचे आणि एक वाजता सगळे टक्क जागे व्हायचे, कारण एक वाजता भिंतीवरच्या टीव्हीवर 'शेवटून दुसरं घर' ही मालिका लागायची. आदल्या रात्रीचा भाग दुपारी पुन्हा दाखवत. रात्री तो बघायचं त्राण चौघांपैकी कुणातच नसायचं.

मालिका होती एका लहान गावातल्या नवरा-बायकोची. नवऱ्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. डोळ्याला भिंग लावून मान खाली घालून बसायचा तो बसायचाच. बायको बोलायची, हा स्क्रू फिरवायचा. बास, एवढंच. पण बघणाऱ्यांचा जीव नुसता कासावीस व्हायचा.

अडचण होती आवाजाची. मशीनचा गजर ऐकू आला पाहिजे म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवायचा, असा सिस्टरचा दंडक होता. तो आवाज टीव्हीखालच्या एक नंबरच्या बेडपर्यंतच पोचायचा. मग तिथे कोण? कंट्रोलर! दोन नंबरवरचे ट्रकवाले, तीन नंबरवरच्या हेडबाई आणि चार नंबरवरच्या काकू यांच्यासाठी कंट्रोलर प्रत्येक संवाद मोठ्याने सांगायचे. "ती म्हणते, जेवून घ्या. तो गप्प. ती म्हणते, डॉक्टरांकडे जाऊन आले. तो गप्प." दीड वर्ष त्यांनी ही सेवा इमानेइतबारे केली. कधी ध चा मा केला नाही.

आणि मग तिघांच्या प्रतिक्रिया सुरू व्हायच्या. हेडबाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, सत्तरीतही त्यांचं बोट वर झालं की सिस्टरसुद्धा सरळ उभी राहायची. त्या म्हणायच्या, "सोड म्हणावं त्याला. दगडाशी संसार करतेय. अशा पुरुषाला घड्याळाच्या डबीत बंद करून ठेवावं." काकू म्हणायच्या, "असं नका म्हणू. मनातून माया असेल त्याची." काकूंचे यजमान चार तास दाराबाहेर बाकावर बसून असायचे, दर अर्ध्या तासाने आत डोकावून "पाय दुखतोय का गं?" विचारायचे. अशा बाईला माया सगळीकडेच दिसते. ट्रकवाले अंगापिंडाने धिप्पाड, पण मालिकेत कोणी रडलं की यांचेच डोळे आधी भरायचे. ते म्हणायचे, "अरे, एक शब्द बोल की लेका! एक शब्द बोलायला काय डिझेल लागतं?"

कंट्रोलर कधी मत द्यायचे नाहीत. त्यांचं काम गाडी लागली म्हणून सांगायचं, गाडीत बसायचं नाही. पण हेडबाईंचं प्रत्येक वाक्य त्यांना सुईपेक्षा जास्त टोचायचं.

अशात एका सोमवारी डायलिसिस संपवून ते घरी निघाले आणि पायरीवरच चक्कर येऊन कोसळले. कपाळाला खोक पडली. त्याच आठवड्यात सिस्टरने त्यांच्या हातात एक फॉर्म दिला. "जवळच्या नातेवाइकाचं नाव, नातं, फोन नंबर. तीन आठवड्यांत भरून द्या. नाहीतर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्हाला दुसरीकडे सोय बघावी लागेल."

"शेजाऱ्यांचा चालेल?"

"नाही चालणार. वेळ आली तर सही करावी लागते, बाबा. घरचं माणूस पाहिजे. आहे ना कुणीतरी?"

"आहे," कंट्रोलर म्हणाले.

नंबर पाठ होता. चार वर्षांत एकदाही लावला नव्हता, पण पाठ होता. नुसता लिहून दिला असता तरी चाललं असतं. पण तिला न विचारता तिचं नाव कसं घालायचं? आणि विचारायचं तर आधी फोन करायला हवा. फोन केला आणि तिने ठेवून दिला तर? अशा नवऱ्याची हाक ऐकून कुठली बाई परत वळेल, हे त्यांना कुणाला तरी विचारायचं होतं. पण अशी गोष्ट विचारायची कशी, ते त्यांना जन्मात आलं नव्हतं.

त्या बुधवारी मालिकेत बायको नवऱ्याच्या पाठीमागे उभी राहून म्हणाली, "माझं काही चुकलं का?" कंट्रोलरनी ते पुढे सांगितलं. पडद्यावर नवऱ्याने भिंग पुसलं आणि पुन्हा डोळ्याला लावलं.

"काय म्हणाला?" हेडबाईंनी विचारलं.

कंट्रोलरच्या तोंडून निघून गेलं, "म्हणाला, तुझं नाही. माझंच चुकलं."

ट्रकवाल्यांनी नाक ओढलं. काकू म्हणाल्या, "बघा, मी म्हणत नव्हते?" आणि हेडबाई, ज्यांनी आयुष्यात कुणाला पैकीच्या पैकी गुण दिले नव्हते, त्या म्हणाल्या, "अस्सं! मग आशा आहे."

मग आशा आहे. कंट्रोलर ते वाक्य घरी घेऊन गेले. त्या दिवशी त्यांनी भात दोनदा वाढून घेतला.

एकदा पदरचं घालायची चटक लागली की माणूस थांबतो थोडाच? शुक्रवारी नवरा म्हणाला, "दिवसभर माणसांशी बोलून येतो, मग घरी आलो की शब्दच सापडत नाहीत." (घड्याळजी दिवसभर कोणाशी बोलत होता, हे कोणी विचारलं नाही.) सोमवारी म्हणाला, "तू स्वयंपाकघरात गुणगुणतेस तेव्हा मी पेपर वाचत नसतो, नुसता धरून बसतो." एकदा म्हणाला, "मूल नाही म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही. तुला वाटत असेल म्हणून वाईट वाटायचं." एवढं बोलून कंट्रोलरच गप्प झाले. ट्रकवाल्यांनी उशीच्या अभ्र्याला डोळे पुसले आणि सिस्टर त्यांचं ब्लडप्रेशर बघायला धावत आली.

चित्र सगळ्यांना दिसत होतं, मग कोणाला शंका कशी आली नाही? आली की, हेडबाईंना आली. पण मोठ्या विद्वान माणसाची गंमत अशी की शंका आली तर तो तिचंही कौतुक करून टाकतो. त्या म्हणाल्या, "चेहरा बघा, रेषा हलत नाही. ओठसुद्धा हलवत नाही मेला, आणि शब्द असे लोण्यासारखे. याला म्हणतात अभिनय."

दोन आठवड्यांत खोलीचं मत फिरलं. घड्याळजी आता सगळ्यांचा लाडका झाला. काकूंनी तर यजमानांना बोलावून सांगितलं, बघा, कसं बोलतो तो! दारात उभे असलेले यजमान बिचारे ओशाळले. कंट्रोलरना इतकं बरं वाटत होतं की फॉर्म खिशात असूनही त्यांना हलकं वाटायचं. लोक माफ करतात, असं त्यांना दिसत होतं. दोन आठवड्यांत करतात. मग तीही करील. शुक्रवारी फोन करायचा, त्यांनी ठरवलं. फॉर्मची मुदत सोमवारी संपत होती.

आणि नेमक्या शुक्रवारी मालिकेतली बायको घर सोडून निघाली.

पडद्यावर ती हातात बॅग घेऊन उंबऱ्यात उभी होती. "जाते मी," म्हणाली. नवरा पाठमोरा बसलेला. ती थांबली. किती वेळ ती थांबली! कॅमेरा तिच्या तोंडावर होता, आणि कंट्रोलर ते तोंड बघत राहिले. किल्ली विसरलेल्या बाईचं तोंड असं नसतं, हे त्यांना त्या क्षणी समजलं. चार वर्षांनी, हातात दोन सुया असताना.

"काय म्हणतोय, काय म्हणतोय?" मागून तिघेही.

"थांब," कंट्रोलर म्हणाले. आवाज पार चिरकला. "तो म्हणतोय, थांब. जाऊ नकोस. तुझ्याशिवाय या घरात मला राहता येणार नाही."

पडद्यावर ती वळली आणि निघून गेली. दार लागलं. जाहिरात सुरू झाली.

मग ट्रकवाले उसळले, "गेली? एवढं म्हणाला तो, आणि गेली?"

"मला नाही आवडलं हे," काकू म्हणाल्या. "माणूस एवढा गयावया करतोय, आणि ही मागे वळूनसुद्धा बघत नाही? काळीज आहे की काय आहे?"

हेडबाईंनी बोट वर केलं. "मी माझं मत मागे घेते. दोष त्याचा नव्हता. इतके दिवस तो मन मोकळं करतोय, आणि ही बाई ढिम्म. काही बायकांना सुखच बोचतं. गर्विष्ठ आहे."

"आखडू," ट्रकवाले म्हणाले.

"बरं झालं गेली ती," काकू म्हणाल्या. काकू, ज्यांना सगळीकडे माया दिसायची!

हे कंट्रोलरनी काय करून ठेवलं होतं? नवऱ्याच्या तोंडी गोड शब्द घातले ते त्याला वाचवायला, आणि मार बसला तो तिला. आता या खोलीत ती गर्विष्ठ होती, आखडू होती, तिला काळीज नव्हतं. संसाराची एकतीस वर्षं जी भिंतीशी बोलली, जी दारात उभी राहून एका शब्दाची वाट बघत होती, तिच्यावरच खापर फुटलं होतं. घर सोडून गेली तेव्हा लोक तिला असंच बोलले असतील. बाहेर या आवाजाची कीर्ती, आणि घरातलं तोंडाचं कुलूप कुणी पाहिलेलं!

"तो काही बोलला नाही," कंट्रोलर म्हणाले.

"काय?"

या वेळी त्यांनी फलाटावरच्या आवाजात सांगितलं. दारातले काकूंचे यजमानसुद्धा दचकून आत आले. "तो एक शब्दही बोललेला नाही. आज नाही, परवा नाही, कधीच नाही. दोन आठवडे मी तुम्हाला खोटं सांगतोय. ती विचारते आणि तो गप्प बसतो. ती थांबली, त्याने थांबवलं नाही. तिला आखडू म्हणू नका. तिची काहीएक चूक नाही."

ट्रकवाले उठून बसायला गेले, मशीनने गजर केला, सिस्टरने त्यांना परत झोपवलं. गजर बंद झाल्यावर हेडबाई हळूच म्हणाल्या, "मग ते सगळं, पेपर नुसता धरून बसण्याचं वगैरे, ते कुणाचं होतं?"

कंट्रोलर छताकडे बघत राहिले. ते बोलले नाहीत, पण या वेळी सगळ्यांना ऐकू आलं.

"हे आम्हाला सांगून काय उपयोग हो?" हेडबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. नापास मुलीला घरी पाठवताना बोलाव्यात तशा बोलल्या. "आम्ही कोण?"

तीन वाजता सुया निघाल्या. दंडावर पट्टी दाबून धरत कंट्रोलर बाहेरच्या बाकावर बसले. काकूंचे यजमान न सांगता उठून लांब गेले. कंट्रोलरनी नंबर लावला. चार वेळा वाजला.

"हॅलो?"

"मी बोलतोय."

पलीकडे काही नाही. ठेवलाही नाही. आणि मग कंट्रोलर बोलू लागले. दोन आठवडे तालीम झाली होती, शब्द वाट बघत उभेच होते. चूक माझी होती, म्हणाले. पेपरचं सांगितलं, गुणगुणण्याचं सांगितलं, मुलाचं सांगितलं. दारात उभी होतीस तेव्हा मला समजायला हवं होतं, म्हणाले. आजाराचं सांगितलं, पडल्याचं सांगितलं, फॉर्मचं सगळ्यात शेवटी सांगितलं. अडखळले नाहीत. छत्तीस वर्षं ज्या आवाजाने गाव चालवलं तो आवाज त्यांनी जन्मात पहिल्यांदा बायकोला दिला. दहा मिनिटं तरी बोलले असतील. मग थांबले आणि फोन कानाशी घट्ट धरून बसले.

"तुम्हाला बोलता येतं," बायको म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मला वाटायचं, देवाने तुम्हाला ते दिलंच नाही. एखाद्याला गाता गळा नसतो, तसं. माइकवरचं वेगळं, ते पाठ केलेलं असतं. घरचं बोलणं या माणसाला जमतच नाही, बिचारा काय करणार, अशी मी रोज मनाची समजूत घालायची. म्हणून राहिले हो एकतीस वर्षं. येत होतं आणि बोलत नव्हता, हे माहीत असतं, तर पहिल्या वर्षीच गेले असते."

कंट्रोलरनी तोंड उघडलं.

"लिहा माझं नाव," ती म्हणाली. "दवाखान्याचा फोन आला तर येईन. सही पाहिजे असेल तर करीन. पण तुम्ही करू नका फोन. आता नको." आणि तिने फोन ठेवला.

सिस्टर पाळी संपवून निघाली तेव्हा तिला कंट्रोलर अजून बाकावरच दिसले. तिने पट्टी सोडून बघितली, रक्त थांबलं होतं. त्यांनी खिशातून फॉर्म काढला, तिचं पेन मागितलं आणि गुडघ्यावर ठेवून सावकाश भरला. नाव, नंबर. नात्याच्या रकान्यात लिहिलं, पत्नी.

सिस्टरने वाचलं आणि तिला मनापासून बरं वाटलं. "अगंबाई, मिसेस आहेत की! मग इतके दिवस का नाही सांगितलंत? बोलावलं तर येतील ना?"

"तुम्ही बोलावलंत तर येईल," कंट्रोलर म्हणाले. "मी नाही."